कोपरापर्यंत बाही

आमच्या मदन महल मोहल्ल्यात कोणी बाई भर मे महिन्यात कोपरापर्यंत बाहीचा ब्लाउज घालून घाम पुसताना दिसली, तर खुशाल समजा, तो आमच्या सुशीलामावशींनी शिवलाय. तुम्ही बिनबाहीचा सांगा, छोट्या बाहीचा सांगा. मावशी "अच्छा" म्हणतात आणि कोपरापर्यंत शिवतात. तक्रार केली तर ठरलेलं उत्तर, "दंड काय प्रदर्शनात ठेवाचा हाय?" हात मात्र इतका सुरेख, की बायका कुरकुरत पुन्हा त्यांच्याच दारात. मीसुद्धा एकदा "हा ब्लाउज आहे की रजई?" म्हणून भांडून आले होते.

मार्चमध्ये मी दंडात काडी बसवून घेतली. दिवस राहू नयेत म्हणून कातडीखाली ठेवतात ती. दुसऱ्या मुलीच्या वेळी माझं रक्त थांबत नव्हतं. तिसरं बाळंतपण झेपणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं. सासूबाईंना नातू हवा होता आणि नवऱ्याला आईपुढे बोलायची सवय नव्हती. गोळ्यांचं पाकीट घरात कधीतरी सापडलंच असतं. काडी कोणाला दिसणार?

दुसऱ्याच दिवशी सासूबाई मला मावशींकडे घेऊन गेल्या. नात्यात लग्न होतं. मावशींनी दंडाला टेप लावली आणि कुर्त्याखालच्या पट्टीवर त्यांची बोटं थांबली. मी घाबरून गेले.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं.

"काई नाई. पोरगी वाळून राहिली. खायला देत जा जी." मावशींनी टेप कोपरापर्यंत ओढली.

आठवड्यानं ब्लाउज आणायला एकटीच गेले. "मावशी, तुम्हाला कळलं ना?"

"बोटाले समजते." त्या सुईत दोरा ओवत होत्या. "माझी माधुरी. पनागरले दिली होती. तीन पोरी झाल्यावर तिनं पन हेच बसवलं. मले सांगतलं नाई. फक्त म्हणे, आई, बाही लांब शिव. मी म्हटलं, काहून, म्हातारी झाली का? हौसेनं छोटी शिवली. नवऱ्यानं दंड पाह्यला. काढाले लावली."

दोरा ओवला जात नव्हता.

"चौथ्या टायमाले गेली."

मला भांडल्याची लाज वाटली. रडू आवरून विचारलं, "पण मग सगळ्यांनाच लांब बाही?"

"एकटीचीच लांब असली तं सासू विचारन ना. सगळ्याइची असली तं कोन विचारते?"

मी ब्लाउज तिथंच घालून पाहिला. बाही बरोबर कोपरापर्यंत होती. मावशींनी ती आणखी जराशी खाली ओढली.