डोकं चालावं म्हणून

चतुराबाईंच्या घराण्यात तीन पिढ्यांत परीक्षेत कुणी नापास झालं नव्हतं. परीक्षेला बसलेच दोघे होते, ही गोष्ट वेगळी. तेव्हा आपला हिम्मत नापास होईल हे त्या मानायलाच तयार नव्हत्या.

हिम्मतराव तेवीस वर्षांचा, सरकारी कचेरीत कारकून. उर्दू अशी लिहायचा की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. पण हैदराबादेत पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं आणि हुकूम आला, दोन महिन्यांत हिंदीची परीक्षा पास व्हा, नाहीतर घरी बसा. पोराची सगळी शाळा उर्दूतच, हात उजवीकडून डावीकडे धावायला सरावलेला. आता हिंदीचं पुस्तक उघडलं की त्याला पहिल्या ओळीला जांभई आणि दुसऱ्या ओळीला डुलकी.

नल्लकुंट्यातल्या त्यांच्या शेजारी केशवराव मास्तर राहत. निवृत्त झाल्यापासून दिवसभर पेपर वाचायचे आणि लोकांना सांगत सुटायचे.

"वहिनी, पेपरात आलंय. तरण्या पोरांनी व्यायाम केला तर डोकं तल्लख होतं. पण कोणत्या व्यायामानं किती, ते पान उंदरांनी खाल्लं."

"उंदीर तुमच्यापेक्षा शहाणे झाले असतील मग," चतुराबाई म्हणाल्या. "राहू द्या. मी शोधून काढते."

आधी बैठका. रोज शंभर. आठव्या दिवशी त्यांनी परीक्षा घेतली, "सांग, सात दीडे किती?"

"आई, आधी मला उठव," जमिनीवरून हिम्मतराव म्हणाला.

मग सूर्यनमस्कार. बाराव्या नमस्काराला तो पालथा पडला तो घोरायलाच लागला. चतुराबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. पोराला सकाळी व्यायाम, दुपारी कचेरी, संध्याकाळी अंगदुखी. पुस्तकाला वेळच उरेना. अशात परीक्षेचा दिवस उजाडला.

"पळायचं तेवढं राहिलंय," त्या म्हणाल्या. "पेपर दहाला. आता हिमायतनगरपर्यंत पळून ये. डोकं गरम असतानाच लिहायला बस."

"आई, पळून काय होणार?"

"न पळून काय झालंय ते दिसतंयच की."

तो पळाला. पण ते दिवस असे, की हैदराबादेत उगीच कुणी पळत नसे. पळणारा दिसला की आधी आपणही पळायचं आणि कारण मागाहून विचारायचं, ही रीत गाव नुकतंच शिकलं होतं. हिम्मतराव इडलीच्या हॉटेलापुढून गेला तसा मालक पातेलं उचलून निघाला. त्याच्यामागं गिऱ्हाईक, गिऱ्हाइकामागं टांगेवाला. दुकानांच्या फळ्या धडाधड लागल्या. हिमायतनगर येईतो हिम्मतरावामागं चाळीस माणसं. त्यानं वळून पाहिलं. चाळीस माणसं आपल्या मागं लागलीत म्हटल्यावर तो जीव घेऊन पळाला. चौकात पोलिसांनी सगळ्यांत पुढचा धरला.

"वहिनी, हिम्मत ठाण्यात बसलाय," केशवराव सांगत आले. यजमान परगावी गेलेले. चतुराबाईंनी पदर खोचला आणि पन्नासाव्या वर्षी त्याच रस्त्यानं त्याही पळाल्या.

ठाण्यात फौजदार परमुलखातून नवा आलेला. हिम्मतराव कोपऱ्यातल्या बाकावर.

"लड़के ने बाप का नाम बताया है," फौजदार म्हणाला. "वही नाम आप बताइए. मिल गया तो छोड़ दूँगा।"

चतुराबाईंनी तीस वर्षांत नवऱ्याचं नाव सरळ तोंडानं घेतलं नव्हतं.

"वो... राव हैं," त्या म्हणाल्या.

"कौन से राव? यहाँ तो सब राव हैं।"

जुना जमादार इथलाच. तो म्हणाला, "साब, इनके में औरतां मरद का नाम सीधा नै लेते. शेर में बोलते."

"तो शेर में बोलो।"

नल्लकुंट्यात कुणाचंही लग्न असो, नव्या नवरीला उखाणे सांगायला चतुराबाईंनाच बोलावत. पण आता छातीचा भाता चाललेला, यमक काही जवळ येईना. पळाल्यावर डोकं चालतं म्हणे, त्यांचं होतं तेही थांबलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले. हिम्मतराव केविलवाणा बघत होता. शेवटी त्यांनी डोळे मिटले.

"गुडघे गेले, धाप लागली, पदर झाला ओला,
एकनाथरावांच्या लेकानं हा घोटाळा केला."

"वाह," जमादार म्हणाला. फौजदारानं कागदावरचं नाव ताडून पाहिलं आणि हातानंच 'जा' म्हणून खूण केली.

दोघं मिळेल त्या टांग्यानं परीक्षेच्या जागी पोचले. दाराला कुलूप. वर हिंदीत कागद चिकटवलेला. हिम्मतरावानं अक्षर न् अक्षर लावत तो वाचला.

"परीक्षा महिनाभर पुढं ढकलली, आई."

"का रे बाबा?"

"शहरात सकाळी कुणीतरी पळत होतं म्हणून."

त्या महिन्यात हिम्मतराव जेवणाखाण्याला आणि कचेरीलाच काय तो जागचा उठला. एरवी पुस्तक घेऊन बसून होता, आणि पास झाला. चतुराबाई गुडघ्यांना तेल चोळत आल्यागेल्याला सांगत, "पळाल्याचा गुण यायला महिना लागतो." कुणी जास्त विचारलं तर मात्र त्यांना स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवे, आणि त्या भिंतीला धरून हळूहळू आत जात.