वाघमारे मॅडमचे थेंब

आमच्या नांदेडच्या कॉलेजात वाघमारे मॅडमच्या प्रयोगशाळेत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. धुळीसाठी नव्हे. "चपला वाजतात, थेंब बिचकतो," असं बाईंचं म्हणणं.

शेजारच्या खोलीत मी भौतिकशास्त्र शिकवायचो. पहिल्याच दिवशी मी दार जरा जोरात लावलं, तर बाई तावातावानं बाहेर आल्या. "ओ सर, इकडं जन्म होऊन राहिलाय, अन् तुम्ही दार आपटताव!" मी घाबरलोच. आत डोकावलो, तर जन्म तेलाच्या थेंबाचा.

नखाएवढी काच, तिच्यात केसाहून बारीक कोरलेल्या वाटा. बाई त्यांना पाट म्हणत. त्या पाटांतून करडईचं तेल हळूहळू ढकलायचं आणि पलीकडच्या साबणाच्या पाण्यात त्याचे थेंब सोडायचे, सगळे एका मापाचे. थेंबात घातलेलं औषध पोटात सावकाश उतरावं म्हणून, असं अनुदानाच्या अर्जात लिहिलेलं. मला विचाराल तर बाईंना थेंबच आवडायचे.

पण थेंब बिघडायला काहीही पुरे. तेल घट्ट असलं, साबण कमी पडला, काचेला तेल चिकटलं, की संपलं. मे महिन्यात नांदेडच्या उन्हानं तेल पातळ व्हायचं. मग बाई तेलाच्या सिरिंजला ओला रुमाल गुंडाळून स्वतः घामानं निथळत बसायच्या. एकदा माझ्या डब्यातल्या येसरच्या आमटीवरचं तेल पाहून म्हणाल्या, "एक ज्वारीएवढा, एक बोराएवढा. काही शिस्त हाय का न्हाई?"

गेल्या वर्षी ती खोली उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांना द्यायची असं घाटत होतं. पाहणीला तिघांची समिती आली. अध्यक्ष घड्याळ बघत म्हणाले, "दोन मिनिटांत दाखवा." बाईंना मदत व्हावी म्हणून मी, हो मीच, तेल ढकलणाऱ्या पंपाचा वेग वाढवला. सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर तेलाची लांब दोरी सुटली आणि तिचे वेडेवाकडे तुकडे झाले.

बाई रागावल्या नाहीत. पंप बंद केला, काच धुवायला घेतली. "पाव्हणं, बसा. चहा घ्या. थेंब केवढा व्हायचा ते पाट ठरवतो. आपण नुसतं हळू ढकलायचं."

अर्ध्या तासानं त्यांनी पुन्हा तेल सोडलं. पाटात ते चपटं दबून आलं, काठाशी मोकळं पाणी लागताच फुगलं, मागं बारीक मान झाली आणि थेंब सुटला. कुणी तोडला नाही, आपापला सुटला. त्यामागं दुसरा, तिसरा. मग सगळ्या पाटांतून, हुबेहूब एकसारखे, शेकडो. इतकी वर्षं मी पृष्ठताण फळ्यावर शिकवला होता, तो पाहिला त्या दिवशी. अध्यक्षांचा चहा गार झाला. खोली बाईंकडंच राहिली.

त्यानंतरच्या एका रविवारी मी गाडीनं लातूरला निघालो होतो. बाई म्हणाल्या, "रेणापूरला सोडताव का? आई असती तिथं." वाट थोडी वाकडी करून मी त्यांना घरापर्यंत नेलं.

अंगणात बाजेवर म्हातारी बसली होती. "आलात का डॉक्टरीणबाई?" ती म्हणाली. मी चमकलो. बाईंची भावजय पाण्याचा तांब्या देताना हळूच बोलली, "दोन वर्सं झाली. लेकीला वळखत न्हाईत."

मॅडम शेजारी बसल्या. फोनवर थेंबांचा व्हिडिओ लावून त्यांनी तो आईच्या हातात दिला. म्हातारी एकेका थेंबावर बोट टेकवत कितीतरी वेळ पाहत राहिली. चेहरा उजळत गेला.

"माझी पोरगी पण असलंच कायतरी करती नांदेडला," ती म्हणाली. "लई हुशार हाय. लई दिस झाले, आली न्हाई. तुम्हाला भेटली तर सांगा, आई वाट बघून राहिली म्हणावं."

"सांगते, मावशी," मॅडम म्हणाल्या. "येईल ती."

आणि त्यांनी म्हातारीचा डोक्यावरून घसरलेला पदर नीट केला.