सरनोबतबाईंच्या दारातल्या दोन गाड्या

आमच्या गावात एकट्या राहणाऱ्या माणसाला नगरपालिका सोबतीला एक गाडी देते. मात्र गाडीची संमती असल्याशिवाय देत नाही.

यजमान गेल्यावर इंदुमती सरनोबत यांनी बरेच दिवस अर्ज केला नव्हता. पण एका सकाळी त्या शिट्टी झालेल्या कुकरला "आज उशीर केलात" असं म्हणाल्या आणि तशाच नगरपालिकेत गेल्या.

सोबत विभागाच्या नलावडेबाई शनिवारी दोन उमेदवार घेऊन आल्या. एक घडीच्या टपाची जुनी मोटार, मोतिया रंगाची, पूर्वी एका संस्थानिकांकडे असलेली. दुसरा नवाकोरा, उंचापुरा पिकअप. दोघांबरोबर एकेक फेरी मारायची आणि मग पसंती कळवायची, असा नियम होता.

मोटारीने टप मागे घेतला. पेठेतून जाताना लोक थांबून हात करत होते. इंदुमतीबाईंनीही हात केला. मग त्यांच्या लक्षात आलं, की लोक मोटारीला हात करतायत आणि शेजारची रिकामी सीट सगळ्या पेठेला दिसतेय.

"टप लावता येईल का गं?"

"लावते, बाईसाहेब. पण मग माझ्याकडे बघणार कोण?"

पिकअपमध्ये चढताना बाईंना दम लागला. आत गारवा होता, काचा बंद होत्या, खड्डा आलेला कळत नव्हता.

"पट्टा लावा, मावशी," पिकअप म्हणाला.

"तू गप्पा मारतोस का रे?"

"काय भरायचं, कुठं उतरवायचं, एवढं बोलतो की. गप्पा अजून कुणी मारल्या न्हाईत."

बाईंना त्याची माया वाटली. धरणापर्यंत जाऊन येईतो त्या यजमानांविषयी बोलत राहिल्या. ते कसे खोकायचे, भाजीत मीठ कमी पडलं तरी कसे बोलायचे नाहीत, हेही सांगितलं. एवढं त्या बऱ्याच दिवसांत बोलल्या नव्हत्या. पिकअप मुद्दाम सावकाश चालला.

घरी आल्यावर त्या पिकअपला ओवाळण्यासाठी निरांजन लावायला आत गेल्या. ताम्हन घेऊन बाहेर येतात, तो नलावडेबाई ओशाळून उभ्या.

"दोघांनीही नाव मागे घेतलं हो. पिकअपनं मोटारीला विचारलं, उन्हात एकटीला करमतं का. तिला हे कधी कुणी विचारलं नव्हतं."

"चुकलं असंल तर माफ करा, मावशी," पिकअप म्हणाला. "असं विचारायचं असतंय, हे मला ठाऊकच नव्हतं. आज तुमच्याशी बोललो आन् कळलं."

इंदुमतीबाईंनी क्षणभर ज्योतीकडे पाहिलं. मग दोघांनाही ओवाळलं. मोटार पुढे आणि पिकअप तिच्या चालीने मागे, असे दोघे वळणापर्यंत दिसत होते.

"आणखी एक उमेदवार आहे," नलावडेबाई म्हणाल्या. "रोडरोलर. स्वभावानं गरीब. पण लांब असतो. आज निघाला, तर दिवाळीपर्यंत पोचेल."

"निघू दे त्याला," इंदुमतीबाई म्हणाल्या. "कुणी वाटेवर आहे म्हटलं, की घर आवरावंसं वाटतं."