डिझेलचे डोहाळे

बायकोच्या कॉफीत आज फुलांच्या पाण्याचे चार थेंब जास्त टाकावेत, एवढंच लासादने ठरवलं होतं. त्यात वाईट हेतू काहीच नव्हता. नाबुल गावात पोट दुखलं, मूल रडलं, सून रुसली, तरी उपाय एकच: कडू संत्र्याच्या फुलांचं पाणी. त्यातून लासाद ते पाणी काढणाराच माणूस. बापाकडून आलेला अर्क काढायचा तांब्याचा हंडा, वसंतात अंगणभर फुलांच्या राशी, आणि त्याच्या केसांत, नखांत, घामातसुद्धा मुरलेला तो सुगंध. (या सुगंधावर भाळूनच सोंदेसने लग्नाला होकार दिला, असं तो सगळ्यांना सांगे. सोंदेसने कधी दुजोरा दिला नव्हता.)

सोंदेसला दिवस गेले होते आणि सकाळी डोळा उघडला की उमासे सुरू होत होते. तिने कप नाकाशी नेला, खाली ठेवला आणि मोरीकडे पळाली.

"प्रमाण कमी पडलं," लासाद आईला म्हणाला, आणि त्याने उशीवर, चादरीवर, पडद्यावर सढळ हाताने फुलांचं पाणी शिंपडलं. त्याची आई, बेया, उठली. तिने मोरीतली बादली मोकळी करून ठेवली.

संध्याकाळी सोंदेस म्हणाली, "लासाद, जरा दारातच उभा राहशील? तुझा वास येतोय."

"वास नाही, सुगंध म्हण."

"बरं, सुगंध येतोय. मग दारात नको, अंगणात जा."

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना यात काहीच नवल वाटलं नाही. "या दिवसांत नाक फार तिखट होतं. कुठला वास सोसेल आणि कुठला नाही, हे तिच्या हातात नाही. उठायच्या आधी कोरडा पाव खा, दिवसभर थोडं थोडं खात राहा. पाणीसुद्धा पोटात ठरेनासं झालं तर लगेच या. बहुतेकींना चौथ्या महिन्यात उतार पडतो."

"आणि मी काय करू?" लासादने विचारलं.

"तुम्ही लांब राहा."

हे त्याला लागलं. ज्याच्या दाराशी लोक वास घ्यायला थांबतात, त्याने लांब राहायचं? परतताना गाडीत तो बोलून गेला, "माझ्या आईने पाच पोरं काढली. पहाटे उठून हंडा पेटवायची, एक दिवस आडवी झाली नाही. हे सगळं मनाचं असतं."

घरी आल्यावर सोंदेसने पिशवीत चार कपडे भरले आणि ती बहिणीकडे गेली.

बहिणीचं घर तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे मोन्सेफच्या, गॅरेजवर होतं. खाली ट्रक, ग्रीस, जळकं तेल. रात्री मोन्सेफचा फोन आला. "साडूभाऊ, तुझ्या बायकोने मॅकरोनीच्या दोन थाळ्या संपवल्या. दुसरी माझी होती."

"तिथे? त्या डिझेलच्या घमघमाटात?"

"तोच तर मानवतोय तिला. म्हणते, इथे कसं मोकळं वाटतं."

लासादने आनंद मानून घेतला. बायको जेवली होती. पण फोनवर ती नुसतं "बरी आहे" म्हणे आणि ठेवून देई. गाडीत बोललेलं ते एक वाक्य दोघांच्या मध्ये येऊन बसलं होतं आणि हलायला तयार नव्हतं.

मग त्याने हिरव्या साबणाने अंग खरवडलं, व्हिनेगर लावलं, डोक्याचा गोटा केला, आणि गॅरेजसमोर जाऊन उभा राहिला. बाल्कनीत बसलेली सोंदेस नाकाला पदर लावावा तशी ओढणी लावून आत गेली.

"तुझ्या रक्तातच फुलं आहेत, बाबा," मोन्सेफ म्हणाला. "काढ तो शर्ट." आणि त्याने हिवाळ्यापासून न धुतलेला स्वतःचा गॅरेजातला डगला त्याच्या अंगावर चढवला.

दुसऱ्या दिवशी सोंदेस आत गेली नाही. हवेबद्दल दोन शब्द बोललीसुद्धा! लासादने तो डगला मग अंगावरून उतरवलाच नाही. रस्त्यात तोच, जेवताना तोच, हंड्यापाशीही तोच. (ताजं फूल शेजारचा वास पिऊन घेतं, हे तो दरवर्षी लोकांना बजावून सांगायचा. लोकांना.)

पहिल्या बाटल्या गेल्या आणि दोन दिवसांत परत आल्या. "लासाद," शेजारीण म्हणाली, "यंदा फुलं झाडाची आणलीस की ट्रकची? माझ्या रव्याच्या बशबुशीला टायरची चव आली." गल्लीपलीकडचा शेदली, फुलांचं पाणी काढण्यातला बापाच्या वेळेपासूनचा प्रतिस्पर्धी, मुद्दाम येऊन बाटली हुंगून गेला आणि सहानुभूतीने मान हलवली. ती मान लासादला सगळ्यात जास्त झोंबली. फुलांचा हंगाम आठवडाभरात संपला.

थंड पडलेल्या हंड्यापाशी बेया त्याच्या शेजारी येऊन बसली.

"तुला कोणी सांगितलं, मी एक दिवस आडवी झाले नाही म्हणून?"

"तूच सांगतेस की."

"सून ऐकत असली की सासवा असंच बोलतात. तुझ्या वेळी तीन महिने गच्चीवर झोपले मी. तुझ्या बापाचा वास सहन व्हायचा नाही. तो खालून विचारायचा, मी काय केलं? मी म्हणायचे, श्वास घेतोस तेच फार आहे."

लासादला हसू आलं. तिला आलं नाही.

"मग बरं वाटलं, खाली आले, आणि कामाला लागले. 'ते तुझ्यामुळे नव्हतं रे,' एवढं त्याला सांगायचं राहून गेलं. वाटलं, त्याला कळलंच असेल. या हिवाळ्यात, त्याच्या शेवटच्या दुखण्यात, मी उशाशी बसायला गेले की विचारायचा, 'वास येत नाही ना?' मला वाटायचं, थट्टा करतोय."

तिने हंड्यावरची धूळ ओढणीने पुसली. धूळ नव्हतीच.

लासाद उठला आणि तडक गॅरेजखाली जाऊन उभा राहिला. "सोंदेस! मी गाडीत बोललो ते चुकलं. आईसुद्धा गच्चीवर झोपत होती!"

"माहीत आहे," वरून आवाज आला. "काल येऊन सांगून गेल्या."

"मग घरी का आली नाहीस?"

"तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. पिशवी घ्यायला वर ये. डगला घालूनच ये."

घरात मग कोरडा पाव, आंबट लिंबू आणि डिझेल यांवर संसार चालला. चौथा महिना लागला. एका सकाळी सोंदेस उठली, तिने कॉफी मागितली, मग नाक वर करून इकडेतिकडे हुंगलं.

"शी! कसला घाण वास आहे हा?"

"अगं, डिझेल. तुझं आवडतं."

"हे कोणाला आवडेल? जा, अंघोळ कर, आणि जरा फुलांचं पाणी लाव." तो दारापर्यंत पोचला तेव्हा ती हळूच म्हणाली, "लासाद, ते तुझ्यामुळे नव्हतं हं."

माजघरात बेयाच्या हातातला चमचा क्षणभर थांबला.

लासादने अंघोळ केली. पण घरात डिझेलचा वास नसलेल्या फुलांच्या पाण्याचा एक थेंब नव्हता. शेवटी मान खाली घालून तो शेदलीच्या दारात गेला, एक बाटली आणली, आणि मानेला चोपडून बायकोसमोर उभा राहिला. सोंदेसने डोळे मिटून खोल श्वास घेतला.

"आहाहा! याला म्हणतात फुलांचं पाणी," ती म्हणाली. "इतक्या वर्षांत पहिल्यांदा जमलं बघ तुला!"