शून्य गरजू शाळा

महापालिकेच्या त्या शाळेत एकाही मुलाला कमी ऐकू येत नाही, असे सोमवारी सकाळी अकरा वाजता अधिकृतरीत्या ठरले. दुसरीतल्या वेदिकाला हे कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी तिला ऐकू गेले नसते.

तिची आई मिनल मात्र दुसऱ्या दिवशी धावतच शाळेत आली. दर मंगळवारी-शुक्रवारी वेदिकाला समोर बसवून शब्द शिकवणाऱ्या सरिता मॅडमचे येणे बंद झाले होते. मोठ्या मुश्किलीने पोर बाराखडी ओलांडून वाक्यापर्यंत पोचली होती.

“सर, मॅडमले काहून बंद केलं?”

मुख्याध्यापक रुपराव सर प्रसन्न होते. “बंद नाही ताई, यशस्वी झाल्या त्या! आपण पोर्टलवर भरलं, मूल गरजू, सेवा मिळाली. सेवा मिळाली म्हणजे गरज भागली. गरज भागली म्हणजे गरजू शून्य. आता शून्यासाठी शिक्षिका कशी मागू?”

“पण तिले अजूनही ऐकू येत नाही ना!”

“मंग नवीन नोंद करू. जितेंद्र, पाहा बरं.”

संगणकावर बसलेल्या जितेंद्रने मान हलवली. “ताई, मॅडम गेल्या, म्हणून आपल्या शाळेपुढे ‘सेवा उपलब्ध नाही’ आलं. अशा शाळेत गरजू पोरगी टाकली का स्क्रीन लाल होते. लाल झाली का सरले नोटीस.”

“आणि हिरवी कशी होते?”

“तपासणी करून.”

तपासणी तत्काळ झाली. जितेंद्रने वेदिकाच्या पाठीमागे उभे राहून तीनदा हाक मारली. ती वळली नाही. शेरा पडला: ‘हाकेकडे दुर्लक्ष करते. शिस्तीचा अभाव.’ शिस्तीसाठी सेवा उपलब्ध होती, ती म्हणजे फोनवरून समुपदेशन. वेदिकाने वीस मिनिटे मोबाइल कानाला धरला आणि ती एकदाही उलट बोलली नाही. प्रगती ‘उल्लेखनीय’ नोंदली गेली.

आता एकच वाट उरली, शनिवारची पालकसभा. एका जरी पालकाने सभेत हरकत घेतली, तर आकडा फेरतपासणीला जाणार होता आणि मॅडम परत येणार होत्या. मिनलने हरकतीचे दोन शब्द चार वेळा लिहून पाठ केले.

सभेत रुपराव सरांनी घोषणा केली, “शून्य गरजू शाळा म्हणून आपल्याला सेमी-इंग्रजीचा वर्ग मिळून राहिला! प्रवेश फक्त ‘सर्वसाधारण’ नोंद असलेल्यांना.”

टाळ्या कडाडल्या. मिनल शेजारच्या गोपिकाकडे झुकली. गोपिकाचा मुलगा अक्षर दिसावे म्हणून फळ्याला नाक लावायचा.

“गोपिका, तू बी हात वर कर ना वं.”

“मी? अन् माह्या पोराले सेमीत कोण घेईन? तुले करायचा त कर बाई. फक्त साठ पोराइचं नुकसान होईन, तेवढं पाहून घे.”

“कोणाची हरकत?” सरांनी विचारले.

सगळे पालक एकमेकांकडे पाहू लागले. प्रत्येकाला दुसऱ्याचा हात हवा होता. मिनलचा हात खांद्यापर्यंत गेला, तिथे त्याने ओढणी सारखी केली आणि तो खाली आला.

“एकमताने शून्य,” जितेंद्रने टंकले.

आईला बिलगून बसलेली वेदिका मघापासून तिच्याकडे टक लावून पाहत होती. तिने आईचा हात ओढला.

“आई, तू काय म्हटलं? मले ऐकूच नाही आलं.”

मिनल काहीच म्हणाली नव्हती.