सावळीरामची शनिवारची घंटा

कार्यक्रम कसा करावा हे सातपूरच्या अख्ख्या एमआयडीसीत एकट्या मला कळतं, असं चौऱ्याऐंशी सालापर्यंत माझं ठाम मत होतं! माईक, हार, खुर्च्या, फोटोवरचा फोकस, सगळं वाल्मीक बघणार. वाल्मीक म्हणजे मी, कारखान्यातला वायरमन. सत्यनारायण असो की साहेबाचा निरोपसमारंभ, माझ्या हातून आजवर एकही कार्यक्रम फसला नव्हता. म्हणून सावळीरामच्या शोकसभेचं काम कुणी सांगायच्या आधीच मी अंगावर घेतलं.

सावळीराम माझा जोडीदार. सोमवारी पहाटे झोपेतच गेला. धडधाकट माणूस! आदल्या संध्याकाळी आम्ही एका बाकावर बसून मिसळ खाल्ली होती, आणि त्यानं माझ्या तर्रीत पाव बुडवला म्हणून मी त्याच्यावर ओरडलो होतो. त्याच्याशी माझं शेवटचं बोलणं म्हणजे ते.

कारखान्यातला फायर अलार्म त्याच्याकडे होता. जागोजागी छताला वाटीएवढ्या चकत्या बसवलेल्या होत्या, हीट डिटेक्टर. खोली भलतीच तापली की चकतीनं घंटा वाजवायची. ती वेळेवर वाजेल की नाही, हे सावळीराम दर शनिवारी सुटीच्या आधी तपासायचा. त्याची पद्धतही त्याची स्वतःची. घरची शेकायची रबरी पिशवी आणायची, कँटीनचं उकळतं पाणी तिच्यात भरायचं, काठीच्या टोकाला बांधायची आणि चकतीला टेकवून उभं राहायचं. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बाईची कंबर शेकतोय!"

थोड्या वेळानं घंटा ठणाणा करायची. भिंतीपलीकडे कॉलनीत ती ऐकू जायची आणि तिकडे लतावहिनी, म्हणजे सावळीरामची बायको, स्टोव्हवर भात टाकायच्या. घंटा झाली म्हणजे माणूस आता निघणार. भात शिजेपर्यंत हा रिकामी पिशवी खांद्यावर टाकून दारात हजर! शनिवारचं जेवण दोघं बरोबर जेवायचे. आम्ही त्यावरून त्याची खूप चेष्टा करायचो.

शोकसभा शनिवारीच ठेवली, म्हणजे शिफ्ट सुटल्यावर सगळ्यांना थांबता येईल. त्या दिवशी टेस्ट करायला कुणाचा हात धजला नाही. सकाळी सावळीरामची थोरली बहीण भागीबाई मला भेटायला आली. सायखेड्याची बाई, आवाज खणखणीत, पण त्या दिवशी तो पार बसलेला होता.

"वाल्मीकभाऊ, लताच्या डोळ्याला पाणी नाय अजून. चूल पेटवती, भांडी घासती, आल्यागेल्याला पाणी देती. एक टिपूस नाय! मला लय भ्याव वाटतंय. आतल्या आत काय तरी होईल तिला. तिला एकदा रडू द्या, भाऊ."

"अक्का, तुम्ही निर्धास्त राहा!" मी म्हणालो. "असा कार्यक्रम करतो की दगडाला पाझर फुटेल!"

झालं, मी कामाला लागलो. सभा कँटीनमध्ये. तिथलं छत बुटकं, पण मागच्यांना फोटो दिसायला हवा ना? टेबलावर टेबल चढवलं आणि वर फोटो मांडला. फोटो उजळ दिसावा म्हणून बाजूला मोठा फोकस लावला. सावळीराम बौद्ध वस्तीतला, आणि तिकडचं माणूस अशा वेळी रिकाम्या हातानं येत नाही. ज्याच्या त्याच्या हातात मेणबत्ती आणि अगरबत्ती. बघता बघता फोटोपुढे मेणबत्त्यांची दाटी झाली.

आमचे बर्वेसाहेब वर बघत माझ्याजवळ आले. "वाल्मीक, बरोबर डोक्यावर डिटेक्टर आहे. एवढ्या अगरबत्त्या..."

"साहेब, तो धुराला वाजत नाही!" मी छाती काढून म्हणालो. "हीट डिटेक्टर आहे. धूर त्याला कळतच नाही!"

"तरी तासाभरापुरता बंद ठेवला तर?"

"सावळीरामच्या शोकसभेत सावळीरामचाच अलार्म बंद?"

साहेब ओशाळले. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं. तेवढ्यात पंख्याच्या वाऱ्यानं मेणबत्त्या विझायला लागल्या, म्हणून मी सगळे पंखे बंद करून टाकले. मे महिना, पंखे बंद, कँटीन गच्च भरलेलं, मेणबत्त्या छताला भिडलेल्या, वर माझा फोकस! धुराला न वाजणाऱ्या चकतीची मी इतकी चोख सोय केली होती आणि मला पत्ताच नव्हता.

वंदना झाली. भाषणं झाली. युनियनचे निवृत्तीअण्णा बोलता बोलता स्वतःच रडले. मी पहिल्या रांगेकडे बघत होतो. लतावहिनी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या, दुसऱ्याच कुणाच्या घरचं काही चाललंय अशा. भागीबाई माझ्याकडे बघायची आणि मी खुणेनं सांगायचो, थांबा, अजून व्हायचंय. मग सगळे श्रद्धांजलीला उभे राहिले. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता!

आणि वर घंटा कडाडली.

"आग! आग!" कँटीनचा गोटीराम भटारखान्यातून ओरडत आला. त्याच्या हातात पाण्यानं भरलेली बादली. मी "अरे थांब, अरे नको" म्हणेपर्यंत त्यानं ती मेणबत्त्यांवर रिकामी केली. निम्मं पाणी फोटोवर, निम्मं बर्वेसाहेबांच्या सफारीवर! मागच्या लोकांनी दरवाजा गाठला. निवृत्तीअण्णा टेबलाखाली. मी अलार्मच्या पॅनेलकडे धावलो आणि रिसेट दाबलं. घंटा थांबली आणि लगेच पुन्हा सुरू झाली. चकती तापलेली असेपर्यंत ती थांबणार कशी?

"साहेब, वारा घाला! चकतीला वारा घाला!" मी ओरडलो.

भिजलेले बर्वेसाहेब टेबलावर चढले आणि खिशातून स्वतःचं श्रद्धांजलीचं भाषण काढून चकतीला वारा घालू लागले. पंख्याचं बटण माझ्या हाताशी होतं, ते मात्र कुणालाच सुचलं नाही.

या गोंधळात लतावहिनी उठल्या. पदर नीट केला, चपला पायात सरकवल्या आणि दाराकडे निघाल्या.

"कुठं चाललीस गं?" भागीबाईनं हात धरला.

"शनिवारची घंटा झाली ना," वहिनी म्हणाल्या. "भात टाकायचाय. निघतीलच ते आता."

असं म्हणून दोन पावलं गेल्या आणि उंबऱ्यात थांबल्या. मागे वळून फोटोकडे बघितलं. फोटोतल्या सावळीरामच्या केसांतून, मिशांतून पाणी गळत होतं. वहिनी तिथंच उंबऱ्यावर बसल्या. त्यांचं तोंड उघडलेलं दिसत होतं, पण घंटेपुढे काही ऐकू येत नव्हतं. मग चकती निवली, घंटा थांबली, आणि सगळ्या कँटीनला त्यांचं रडणं ऐकू आलं. भागीबाईनं त्यांना कुशीत घेतलं आणि "रड गं माझे माय, रड" म्हणत स्वतःही रडायला लागली. मी पॅनेलकडे तोंड करून उभा राहिलो. माझ्या सावळीरामवर मी परत कधी ओरडू शकणार नव्हतो, हे मलाही तेव्हाच कळलं.

पुढे अलार्मचं काम माझ्याकडे आलं. रबरी पिशवी पॅनेलच्या खिळ्याला तशीच लटकत होती. मी विचार केला, शनिवारी घंटा वाजली की त्या बाईच्या काळजाला घरं पडणार. आपण माणुसकी दाखवायची! टेस्ट बुधवारवर ढकलली. बुधवारी पिशवी भरली, चकती शेकली, घंटा खणखणीत वाजली. माझ्या डोक्याचं मला पुन्हा एकदा कौतुक वाटलं.

थोड्या वेळानं वॉचमन बोलवायला आला. गेटवर लतावहिनी उभ्या, हातात डबा.

"भावजी, आज घंटा का वाजवलीत?"

"वहिनी, तुम्हाला शनिवारी त्रास नको म्हणून मी..."

"शनिवारी मी मनाची तयारी करून बसते हो. घंटा होईल आणि ते यायचे नाहीत, हे मला ठाऊक असतं. आज अवचित वाजली आणि हात आपोआप तांदळाच्या डब्यात गेला. दोघांचा भात शिजल्यावर कळलं." त्यांनी डबा पुढे केला. "आता हा खाणार कोण?"

मी गेटजवळच्या बाकावर बसून खाल्ला. वहिनी समोर उभ्या होत्या. "ते वरण जास्त घ्यायचे," एवढंच म्हणाल्या. मी आणखी वरण ओतून घेतलं.

"वहिनी, ती रबरी पिशवी घरी आणून देऊ का?"

"राहू द्या. मग शनिवारी बाईची कंबर कशानं शेकाल?" आणि त्या जराशा हसल्या. शोकसभेनंतर मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

तेव्हापासून टेस्ट शनिवारीच. बर्वेसाहेबांनी एकदा विचारलं, "वाल्मीक, बुधवारी काय वाईट होतं?"

काय सांगणार? ठोकून दिलं, "साहेब, बुधवारी ही चकती नीट तापत नाही!"

साहेबांनी गंभीरपणे मान डोलावली. कार्यक्रमाचं काम मात्र पुन्हा मला कुणी दिलं नाही.