मोटारीतले भोपळे

मोटारी आमच्या मुलखात पुष्कळांकडे असतील, पण जानेवारीत चालणारी मोटार एकाच बाईकडे आहे, आणि ती बाई मी, तेक्ला! हे मी चर्चच्या पायरीवर उभं राहून चांगलं खणखणीत आवाजात सांगितलं होतं. पारास्काला ऐकू जावं म्हणून. पारास्का आमची शेजारीण. आमच्या रस्त्यावर घरं दोनच. आधी माझं, मग मैलभर पुढे तिचं, आणि मग रस्ताच संपतो. माझ्या घरी माझी लेक ओरिस्या लग्नाची, तिच्या घरी तिची मुलगी लग्नाची. आता तुम्हीच सांगा, मोठ्यांदा बोलायला नको?

मोटार माझ्या नवऱ्याची. तो गेल्यावर कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. पण मागल्या हिवाळ्यात घरातलं पीठ संपलं, घोडा पोटापर्यंत बर्फात रुतला, आणि आम्ही माय-लेकी आठवडाभर नुसत्या बटाट्यांवर राहिलो. तेव्हा मी दमियान लोहाराला बोलावलं आणि म्हटलं, "हिला बर्फात चालव!" त्याने पुढची चाकं काढून बर्चच्या लाकडी घसरपट्ट्या बसवल्या. मागे चाकांची आणखी एक जोडी लावून त्यांवरून लोखंडी साखळपट्टा चढवला. वर फळ्यांची खोली, तिला खुराड्याच्या खिडकीची काच, आत शेगडी, आणि छपरातून बाहेर धुराडं! वारा आत येऊ नये म्हणून दोन्ही दारं खिळे ठोकून बंद. आत शिरायचं ते मागची फळी उघडून. लांबून बघितलं तर वाटावं, कुणाचं तरी स्वयंपाकघर रुसून माहेरी निघालंय!

तर मोठ्या उपवासाला थोडेच दिवस उरले होते. उपवास लागला की ईस्टरपर्यंत लग्नं बंद. दुकानात कानावर आलं की गिरणीवाल्याच्या रोमानसाठी मागणी घालायला माणसं गुरुवारी आमच्या रस्त्याने येणार. आमच्या रस्त्याने! गिरणीवाला! रोमान! मी घरी आले आणि ओरिस्याला म्हटलं, "डोकं धू."

"कशाला?"

"रोमान येतोय."

"येऊ दे की," ती म्हणाली आणि बटाटे सोलत बसली. पोरीचा चेहरा बघून मला वाटलं, लाजली.

माझा बेत साधा होता. मुलीच्या आईने घरात बसून काहीच ठाऊक नसल्यासारखं करायचं, ही आमची रीत. ती मी मोडणार नव्हते, फक्त बसायची जागा बदलणार होते. मी अंगणात मोटारीत बसणार. इंजिन घरघरतंय, धुराड्यातून धूर निघतोय, आणि मी जशी काही आत्ताच गावाहून आले! तेवढ्यात पाहुणे फाटकाशी येतील आणि बघतील की हे घर कसं आहे.

दमियान सकाळीच आला. मोटारीभोवती फिरून म्हणाला, "काकू, मागे वजन हवं. नाहीतर पट्टा जागच्या जागी फिरेल. वाळूची पोती टाका."

"वाळूचा दगड झालाय. तळघरात भोपळे आहेत, ते घाल."

तो घुटमळला. "आज भोपळे? मागणीच्या दिवशी?"

त्याचं घुटमळणं खरं होतं. आमच्यात मुलगी द्यायची नसेल तर तोंडाने नाही म्हणत नाहीत. आलेल्यांच्या हातात भोपळा ठेवतात. माणूस तो काखेत मारून खाली मान घालून जातो आणि गावभर होते ती शोभा वेगळीच. पण मी म्हटलं, "ते गाडीत झाकलेले राहणार, हातात थोडेच देणार आहे? भर!"

"बरं. आणि इंजिनातलं तेल काढून आणलंय, ते चुलीवर गरम करून द्या. गार तेल घातलं तर आतलं सगळं चिकटतं. मग इंजिन लागलं की गाडी उभी राहत नाही, आपली आपण चालू पडते."

"माझ्या चुलीवर?" मी ओरडले. "आत पाहुण्यांचा पाव भाजतोय! गिरणीवाल्याला मोटारीच्या वासाचा पाव घालू? तसंच ओत!"

"काकू..."

"दमियान, घोड्याच्या नालांपुरतं तुझं ज्ञान ठेव!"

त्याने ओतलं. गुळाच्या काकवीसारखं पडत होतं ते. मग मी मागून आत शिरून पुढच्या बाकावर बसले, माझ्या मागोमाग त्याने भोपळे भरले, फळी लावली, आणि पुढे जाऊन हँडल मारायला लागला. तेवढ्यात ओरिस्या ओरडली, "आई, बर्फगाडी दिसतेय रस्त्यावर!"

"मार, दमियान, मार!"

इंजिन खोकलं, शिंकलं आणि लागलं. आणि मोटार निघाली!

दमियान उडी मारून बाजूला झाला म्हणून वाचला. मोटार अंगणातून फाटकाकडे, फाटकातून रस्त्याला. वेग म्हणाल तर गाभण गाईचा. ओरिस्या शेजारून चालत होती. दमियान दुसऱ्या बाजूने चालत होता. आमचा कुत्रासुद्धा चालत होता, तोही दमला नाही.

"काकू, दांडा मागे ओढा!" दमियान काचेबाहेरून ओरडला.

ओढला. दांडा थंडीने घट्ट बसलेला, तसूभरही हलेना.

"मग पायाखालचा डावा पायटा दाबा! अर्धाच! पुरा दाबलात तर आणखी जोर घेईल!"

आता अर्धा म्हणजे किती? माझ्या पायात मेंढीच्या लोकरीचे बूट, त्यांत आत दोन जोड मोजे. मी दाबला तो पुरा दाबला गेला, आणि मोटारीला अंगात आल्यासारखा जोर चढला.

"आई, थांबव ना!"

"कशाला थांबवू? मी चालवतेय!" मी म्हटलं. कारण समोर बर्फगाडी आली होती. पुढे मागणी घालणारा इल्को म्हातारा, खांद्यावरून भरतकामाचा पंचा, मांडीवर पाव. मागे रोमान, केसांना लोणी लावून चप्प बसवलेले. मी काचेतून हात हलवला. राणीसारखा!

इल्कोने टोपी काढली. "देव बरं करो, तेक्लाबाई! कुठे निघालात?"

"जरा... फिरायला!"

अरुंद रस्ता. दोन्ही बाजूंना छातीएवढा बर्फ. त्यांनी घोडे कडेला दाबले आणि मी त्यांच्या नाकासमोरून सरकायला लागले. तेवढ्यात दमियानला वाटलं, आत शिरून इंजिन बंद करावं. दारं तर खिळ्यांनी बंद. म्हणून तो मागे धावला आणि त्याने फळी उघडली.

पहिला भोपळा इल्कोच्या घोड्यांच्या पायांत गेला. दुसरा बर्फगाडीला धडकला. दगडासारख्या कडक सालीचे ते, फुटतील कशाला! घरंगळत, टणटण करत, एकामागून एक चालले होते, जसे काही त्यांनाच मागणीला यायचं होतं. इल्कोचं तोंड उघडं पडलं.

"अहो बाई! एक पुरतो!"

"नाही, नाही!" मी आतून ओरडले. "नाही म्हणत नाहीये मी!"

इंजिनाच्या आवाजात त्याला फक्त "नाही, नाही" ऐकू गेलं! मी घाबरून मधला पायटा दाबला. मोटार थबकली, हिसका देऊन उलटी चालायला लागली आणि पुन्हा पाहुण्यांसमोरून गेली. मागून दमियान अर्धा आत, पाय बाहेर लटकलेले, आणि त्याच्या बगलेखालून उरलेले भोपळे खाली. एक सरळ उडून रोमानच्या मांडीत! पोराने तो दोन्ही हातांनी धरला. काय करणार, वरून आलेलं धरतोच माणूस.

दमियानने आतून कसली तरी तार उपटली. मोटार मेली. इतकी शांतता झाली की शेगडीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं.

मी मागून रांगत बाहेर आले. घागरा फळीत अडकला, तो ओरिस्याने सोडवला. मी इल्कोसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "इल्को, हे चुकून झालं. देवाशपथ! आमचा नकार नाही. घरात पाव तयार आहे. चला, आत चला."

इल्कोने मिशीवरचा बर्फ झाडला. खाली बघितलं, वर बघितलं. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलावं तसं म्हणाला, "तेक्लाबाई, नकार कसला? आम्ही विचारलंच कुठे? आम्ही पारास्काकडे चाललोय."

बर्फातले सगळे भोपळे शाबूत राहिले. फुटला तो एकच, माझ्या भ्रमाचा!

रोमानने मांडीतला भोपळा माझ्या पायाशी अलगद ठेवला, जणू झोपलेलं मूल. "माफ करा, काकू," म्हणाला. आणि त्यांची गाडी घंटा वाजवत पुढे गेली. पारास्काच्या दारापर्यंत ती घंटा ऐकू येत होती. तो मैल त्या दिवशी एवढा मोठा कसा झाला कोण जाणे! मला वाटत होतं, बर्फ उघडावा आणि मोटारीसकट मला पोटात घ्यावं.

"तुला माहीत होतं?" मी ओरिस्याला विचारलं.

"रोमान दोन वर्षं तिकडे जातोय, आई. सगळ्यांना माहीत आहे."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी? तू 'डोकं धू' म्हणालीस."

मी तिच्याकडे बघितलं. ती दमियानकडे बघत होती. तो बर्फातून भोपळे वेचत होता, काळ्या हातांचा, एक कान थंडीने लालबुंद, आणि तीही हसू दाबत त्याच्या पाठोपाठ वाकत होती. दोघांचं वेचणं काही संपेना. माझे डोळे अधू असतील, आंधळे नाहीत.

मी घसा साफ केला. गिरणीवाल्याचं स्वप्न गिळायला कठीण गेलं, पण गिळलं. "दमियान," मी म्हटलं, "चुलीत एक पाव आहे. गिरणीवाल्यासाठी भाजला होता, पण... तू कधी लग्नाचा विचार केलायस का रे? म्हणजे, आमच्या ओरिस्याचा?"

दमियान सरळ झाला. हातात भोपळा होता. गोंधळून त्याने तो माझ्या हातात दिला!

ओरिस्या किंचाळली. दमियानने भोपळ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि बीटाच्या सारासारखा लाल होऊन तो माझ्या हातातून हिसकावला, पाठीमागे लपवला. "नाही, काकू! म्हणजे हो! मी फक्त गाडी भरत होतो!"

एकदा हातात पडलेला भोपळा परत घेतला तर तो मोजायचा की नाही, हे आता पाद्रीबाबांना विचारावं लागणार. पण विचारायला जायचं कसं, सांगा! चर्च लांब, घोडा म्हातारा, आणि मोटारीत बसायची मला लाज वाटते.